दसऱ्याच्या आत टोकन भरू नका

पत्र : ताई, मी इचलकरंजीची. बारावी सायन्सला आहे. पप्पांचे खर्चीचे, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून द्यायचे, आठ माग आहेत. माझ्या चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा झाल्यात, दोन्हीला ए ग्रेड. मला मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टला जाऊन पेंटिंग करायचंय. पप्पा म्हणतात, इथल्याच डीकेटीई कॉलेजला टेक्स्टाईल इंजिनिअरिंग कर, घरी राहून होईल. मध्यंतरी एका खासगी डिझाईन कॉलेजची माणसं आमच्या क्लासमध्ये सेमिनारला आली होती. त्यांनी सांगितलं की फाइन आर्टला आता स्कोप नाही, बी.डेस. म्हणजे डिझाईनची डिग्री करा. फी वर्षाला साडेचार लाख. दसऱ्याच्या आत पन्नास हजार टोकन भरलं तर सीट पक्की म्हणे. पप्पा माझ्यासाठी दोन माग विकायचं बोलायला लागलेत. मामा म्हणतो, एआय आल्यावर चित्रकाराला कोण विचारतंय? मी काय करू? सोबत तीन चित्रांचे फोटो पाठवतेय.
– नाव छापू नये, इचलकरंजी

उत्तर :

आधी चित्रांबद्दल बोलू दे. पत्र एकदा वाचलं, चित्रं मात्र चार-पाच वेळा उघडून बघितली.

पहिलं चित्र मोठ्या डोळ्यांच्या मुलीचं. गालावर अश्रू, मागे चंद्र. शेडिंग स्वच्छ आहे, पण ही मुलगी तुला कुठेच भेटलेली नाही. मोबाइलवर दिसलेल्या दहा चित्रांतून ती आली आहे. दुसरं गणपतीचं. छान आहे, मंडळाच्या पावतीपुस्तकावर शोभेल.

तिसरं चित्र बिलाच्या पाठीवर बॉलपेनने काढलंयस. वहिफणी करणारे, म्हणजे बीमच्या तारा एकेक करून मागाच्या वहीतून आणि फणीतून ओवणारे मामा (तुझे सख्खे मामा नव्हेत, शेडमधले). पलीकडून एक पोरगा एकेक तार पुढे करतोय आणि मामा अलीकडून ती हुकाने ओढून घेतायत. मामांच्या उजव्या हाताची करंगळी तू बाहेर काढली आहेस, हुक धरताना ती तशीच बाहेर राहते. ताणलेल्या तारा तू पट्टीने ओढल्या नाहीस. हातानेच काढल्यास, आणि जिथे मामांचा हात घुसतो तिथे त्या बाजूला सरकल्या आहेत. चेहरा मात्र तीनदा गिरवलाय, कारण तिथे बघायचं थांबून तू 'सुंदर' करायला गेलीस. या एका कागदावरून मला कळलं की या मुलीला बघता येतं. मी जेजेला उपयोजित कला शिकले, नंतर अठरा वर्षं जाहिरातीत काढली, आता वर्षातून तीन-चारदा डिझाईनच्या विद्यार्थ्यांच्या ज्युरीला, म्हणजे त्यांचं काम तपासायला, बसते. हात चालणारी मुलं पुष्कळ भेटतात. न सांगता करंगळी बघणारी फार थोडी असतात.

आता तुझा प्रश्न. तुझ्यापुढे तीन नावं टाकली आहेत : फाइन आर्ट, डिझाईन आणि टेक्स्टाईल इंजिनिअरिंग. यातलं चांगलं कोणतं, असं तू विचारतेस. मी म्हणेन, नावावरून ठरवूच नकोस. या शिक्षणात रोज सकाळी उठून काय करावं लागतं ते बघ, आणि ते करताना तुझं काय होतं ते बघ.

चित्रकलेच्या वर्गात पहिल्या वर्षी सगळ्यांना पायाभूत अभ्यास असतो : वस्तुचित्र, निसर्गचित्र, रंग, द्विमित आणि त्रिमित संकल्प. मग शाखा. पेंटिंग घेतलंस तर मॉडेल समोर बसवून तासन्‌तास काम, तेच शरीर, तोच उजेड, आठवडाभर. शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत मास्तर विषय देणं कमी करतात. तुला काय म्हणायचंय, असं विचारतात. तो प्रश्न भल्याभल्यांना झोपू देत नाही. तिथे तू स्वतःचा प्रश्न घेऊन उभी असतेस आणि तो सुटला की नाही हे सांगणाराही बाहेरचा कुणी नसतो.

डिझाईनमध्ये प्रश्न दुसऱ्याचा असतो. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे 1961 मध्ये अहमदाबादची एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन, उभी राहिली. भारतभर फिरून त्यांना सगळ्यांत जास्त आवडली ती आपली पाणी भरायची लोटी, तांब्या म्हण. त्यांनी विचारलं, हा तांब्या आज कुणाला नव्याने करायचा असेल तर काय काय विचारात घ्यावं लागेल? पाणी किती मावायला हवं, बाई तो डोक्यावर नेणार की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा राहील आणि रिकामा झाल्यावर कसा, ओतताना धार कशी पडेल, घासायला हात आत जाईल का, किंमत किती पडेल. डिझाईनच्या वर्गात चार वर्षं हेच करतात. माणसांकडे जायचं, विचारायचं, कागदाचं-पुठ्ठ्याचं करून बघायचं, ते मोडायचं, पुन्हा करायचं, आणि शेवटी ज्युरीसमोर उभं राहून का केलं ते सांगायचं. तिथे सुंदर चित्र काढणारी पण माणसाशी बोलायला लाजणारी मुलं दुसऱ्या वर्षापर्यंत फार कष्टी होतात, हे मी बघितलंय. आणि चित्र जेमतेम काढणारा, पण आजीच्या औषधाच्या डबीवर चार महिने डोकं लावणारा मुलगा तिथे फुलतो.

या दोन्हींच्या मध्ये आपल्याकडे उपयोजित कला आहे : अक्षर, इलस्ट्रेशन, फोटोग्राफी, जाहिरात. सेमिनारवाल्यांनी तिचं नाव घेतलं नसेल. र. कृ. जोशी जेजेत शिकले, जाहिरातीत काम केलं, कविता लिहिल्या, सुलेखन केलं, पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागात शिकवलं. विंडोजवर कित्येक वर्षं मराठी ज्या अक्षरांत दिसायचं, तो 'मंगल' हा फॉन्ट त्यांचा. आणि तुझ्या तर शेजारचंच उदाहरण आहे. भानू अथैया कोल्हापूरच्या. जेजेत चित्रकला शिकल्या, आधी मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं केली, तिथून कपड्यांकडे वळल्या आणि 1983 मध्ये 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर घेऊन आल्या. भारताचं ते पहिलं ऑस्कर. शिकल्या होत्या त्या चित्रकला, वेशभूषा नव्हे. फाइन आर्टला स्कोप नाही असं कुणी म्हटलं की मला त्या आठवतात. प्रत्येकाचं असं होत नाही हे मला ठाऊक आहे. पण चित्र काढायला शिकलेला माणूस चित्रापाशीच अडकतो, हे खरं नाही.

तुला यातलं कोणतं, हे मी इथे बसून सांगणार नाही. तिसऱ्या चित्राकडे बघून एक शंका मात्र मनात आली, ती लिहिते. तुझ्या घरात सूत आहे, बीम आहे, सायझिंगचा, म्हणजे सुताला लावायच्या खळीचा, वास आहे. जेजेच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये पेंटिंगच्या शेजारीच टेक्स्टाईल डिझाईनचा विभाग आहे. एनआयडीत टेक्स्टाईल डिझाईन आहे. कापडावर काय दिसावं हे ठरवणारा माणूस तुमच्या गावात बाहेरून येतो, किंवा मालाबरोबर ठरूनच येतं. पप्पा मागाचा विचार करतात, तू चित्राचा करतेस, आणि ही शाखा दोन्हींच्या मधोमध आहे. तुझ्या कानावर ती कुणीच घातली नसावी. हाच मार्ग धर असं म्हणत नाही. एकदा जाऊन बघ, एवढंच.

आणि पप्पांच्या पर्यायावर तोंड वाकडं करू नकोस. डीकेटीई ही चांगली संस्था आहे, घरचं जेवण मिळतं, आणि विणीचं गणित येणाऱ्या माणसाला कापडात कुणी फसवू शकत नाही. फक्त चार वर्षं फिजिक्स-गणित करायची तयारी आहे का, हे स्वतःला खरं विचार. नसेल तर तसं पप्पांना स्पष्ट सांग. 'मला चित्र आवडतं' एवढं सांगून भागणार नाही.

आता टोकनचं बोलू. इथे मला राग येतो.

सप्टेंबरमध्ये, बारावीची परीक्षा व्हायच्या आत, एकही प्रवेशपरीक्षा झालेली नसताना 'सीट पक्की' म्हणून पन्नास हजार मागणाऱ्याला तुझं काम बघायची गरज वाटलेली नाही. तुझी तीन चित्रं माझ्याकडे आली, त्यांच्याकडे गेली का? नाही. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आमच्या घरानेही असंच टोकन भरलं होतं. आईने दोन पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. भावाला दुसरीकडे प्रवेश मिळाला, आणि ते पैसे मागायला बाबांनी सहा खेपा घातल्या. दरवेळी वेगळा माणूस, वेगळं टेबल. फी परत करण्याबद्दल यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम आहेत, पण पावतीवर 'नोंदणी शुल्क, ना-परतावा' असं लिहून सही घेतलेली असली की भांडायची ताकद साध्या घरात उरत नाही.

हा पुढचा परिच्छेद पप्पांना वाचून दाखव.

भाऊ, मुलीसाठी दोन माग विकायची तुमची तयारी आहे, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण दसऱ्याला विकू नका. आधी त्या कॉलेजला चार गोष्टी लेखी विचारा. पदवी कोणतं विद्यापीठ देणार आणि त्याला यूजीसीची मान्यता आहे का? कारण काही ठिकाणी बी.डेस. म्हणून सांगतात आणि हातात संस्थेचं प्रमाणपत्र पडतं. पूर्णवेळ शिक्षक किती? वर्षाच्या साडेचार लाखांखेरीज साहित्य, लॅपटॉप, प्रिंट, होस्टेल यांचे चार वर्षांत किती? फी दरवर्षी वाढते का? मग कुठल्याही मंगळवारी-बुधवारी, न कळवता, पोरीला घेऊन जा. माहितीपुस्तिका बघू नका. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात भिंतीवर काय लावलंय ते बघा, आणि गेटबाहेर चहा पिणाऱ्या मुलांना विचारा की काल दिवसभरात काय केलं. यंत्र घेताना तुम्ही ते चालू करून, कापड हातात घेऊन बघता. इथेही तसंच करा. हे सगळं बघून ते कॉलेज पसंत पडलं तर जरूर घाला. खासगी म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी फार मन लावून शिकवतात.

तुझ्याकडे परत येते. शासकीय कला महाविद्यालयं मुंबईला आहेत, नागपूरला आहेत, छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथली फी या साडेचार लाखांच्या पासंगालाही पुरत नाही. साहित्याचा खर्च मात्र होतो : रंग, कॅनव्हास, माउंट बोर्ड, प्रिंट. मुंबईत राहण्याचा त्याहून जास्त होतो. कोल्हापुरात दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आहे, कलानिकेतन आहे, एसटीने जाऊन-येऊन होतं. बी.एफ.ए.साठी राज्याची एएसी सीईटी असते. त्यात स्मरणचित्र, वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. हे शब्द तुला इंटरमिजिएटपासून ओळखीचे आहेत. जेजेला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशासाठी जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर जाऊ नकोस. त्या वर्षीची सूचना त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः वाच. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या फी सवलतीच्या आणि शिष्यवृत्तीच्या योजनाही आत्ताच बघून ठेव. बऱ्याच योजनांना कॅपमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतूनच, प्रवेश झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या सीटला त्या मिळत नाहीत, आणि हे सेमिनारमध्ये कुणी सांगत नाही. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा असेल तर तो, हे कागद दिवाळीच्या सुट्टीत काढ. जूनमध्ये तहसील कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते.

डिझाईनकडे जायचं असेल तर वाट वेगळी. आयआयटीच्या बी.डेस.साठी यूसीड ही प्रवेशपरीक्षा. ती साधारण जानेवारीत असते, म्हणजे अर्ज तुला याच काही आठवड्यांत भरावा लागेल, आणि सलग दोनच वर्षं देता येते. एनआयडीसाठी डॅट ही परीक्षा, आधी प्राथमिक, मग मुख्य. फॅशनच्या सरकारी संस्थेची, निफ्टची, आणखी वेगळी. बारावीला बहुतेक ठिकाणी कोणतीही शाखा चालते, तेव्हा सायन्स घेतल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. या परीक्षांत नुसतं चित्र बघत नाहीत. एनआयडी, निफ्टला पुढच्या फेरीत समोर काड्या, दोरा, कागद ठेवून यातून काहीतरी करून दाखव, असंही सांगतात. फी एनआयडीचीही लाखांत आहे, पण तिथे ती तुझं काम बघून घेतलेल्या जागेची असते.

या परीक्षांसाठी क्लास लावू का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. जुने पेपर सोडवायला, वेळेत संपवायला थोडी मदत होते. पण एका वर्षी मी प्रवेशाच्या पॅनेलवर होते. 'बसस्टॉप' या विषयावर एकाच दिवशी एकोणीस चित्रांत तीच तीन माणसं आली : छत्रीवाला, कडेवर पोर घेतलेली बाई, काठी टेकणारे आजोबा. तोच कोन, तीच डाव्या बाजूची कचऱ्याची पेटी. विसावं चित्र एका मुलीचं होतं. तिच्या बसस्टॉपवर कुणीच नव्हतं, एक पिशवी जागा धरून ठेवली होती आणि मालक लांब टपरीवर सिगारेट ओढत होता. रेषा कच्ची होती. तिला आम्ही तिघांनीही चढते गुण दिले.

आता एआयबद्दल. तुझ्या मामाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, तो वेडावाकडा नाही. पूर्वी आमच्याकडे नवीन मुलगा लागला की पहिलं वर्ष तो फोटो कापायचा, एकाच जाहिरातीचे दहा आकार करायचा, पाठीमागचं आकाश बदलायचा. त्यावर पगार मिळायचा आणि बघत-बघत काम कळायचं. ते काम आता मशीन करतं. म्हणजे पहिली नोकरी मिळणं खरंच अवघड झालंय, आणि तुला कुणी 'काळजी करू नकोस' म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझं पहिलं चित्र, ती रडणारी मुलगी, मशीन अर्ध्या मिनिटात शंभर प्रकारे काढून देईल. वहिफणीचे मामा मात्र त्याला मागायचे झाले, तर आधी कुणाला तरी ठाऊक असावं लागेल की करंगळी बाहेर राहते. ते तुला ठाऊक आहे. कॉलेज निवडताना हेच बघ : तिथे मुलांना बाहेर नेतात का, हाताने साहित्य हाताळायला लावतात का, की पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअरपुढे बसवतात. सॉफ्टवेअर बदलत राहील. सूत ओलं झाल्यावर कसं वागतं ते बदलणार नाही.

कलाशिक्षक व्हायचं मनात असेल तर त्याच्या पदविका वेगळ्या आहेत. पण फक्त शाळेतल्या भरतीच्या भरवशावर राहू नकोस, एवढंच आज सांगते.

आता दसऱ्यापर्यंतचं आणि त्यापुढचं काम. एका रविवारी पप्पांना घेऊन कोल्हापूरला जा, दोघंच. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची चित्रं बघा. मग दसरा चौकात शाहू स्मारक भवनात जे प्रदर्शन चालू असेल ते बघा, चांगलं-वाईट जे असेल ते. तिथे चित्रकार सहसा स्वतः बसलेला असतो. पप्पांनाच विचारू दे त्याला की घर कसं चालतं. तू मध्ये बोलू नकोस. जानेवारी-फेब्रुवारीत जेजेचं वार्षिक प्रदर्शन सगळ्यांना खुलं असतं. बोर्डाचा अभ्यास सांभाळून एक दिवस जमलं तर जा. पेंटिंग आणि टेक्स्टाईल दोन्ही विभाग बघ, आणि कुठल्या खोलीतून पाय निघत नाही ते लक्षात ठेव. ते घरी आल्यावर वहीत लिही, मैत्रिणींशी बोलायच्या आधी.

रोज एक चित्र काढ. बिलाच्या पाठीवर चालेल, बॉलपेनच ठेव, म्हणजे खोडता येणार नाही. कांडी भरणारी बाई, माग दुरुस्त करणारा जॉबर तो उघडून बसलेला, घडीवाला, लाइट गेल्यावर शेडमध्ये बसलेली माणसं. पप्पा हिशेब करताना. तारीख घाल. बोर्डाआधी शंभर होतील, आणि पेंटिंग, टेक्स्टाईल की डिझाईन हे त्या शंभरांकडे बघून तुलाच बरंचसं कळेल. तुला माणसांचे चेहरे परत परत काढावेसे वाटले, का शेडमधला उजेड, का मामांना पाठ न दुखता बसता यावं म्हणून काहीतरी करावंसं वाटलं. या तीन वाटा खरंच वेगळ्या आहेत.

पहिली दहा झाली की मला पाठव. त्यात वहिफणीचे मामा पुन्हा एकदा असू देत. या खेपेला चेहरा गिरवू नकोस, आणि ते कशावर बसलेत ते काढ. पाट आहे, पोतं आहे की बीमचं खोकं, तुझ्या चित्रात मला ते दिसलं नाही.